काकांचं शटडाऊन

आमच्या मावशीच्या यजमानांइतका दुसऱ्याच्या दातांच्या मागे लागलेला माणूस अख्ख्या रोह्यात सापडायचा नाही. काकांची सारी नोकरी धाटावच्या एका केमिकल कंपनीत, मेंटेनन्समध्ये गेली. तिथे दरवर्षी चांगलं चालतं यंत्र बंद करून, उघडून तपासतात. त्याला शटडाऊन म्हणतात. रिटायर झाल्यावर उघडायला यंत्रं उरली नाहीत, तेव्हा काकांनी नातेवाइकांची तोंडं धरली. दर सहा महिन्यांनी सगळं गणगोत डेंटिस्टच्या दारात. दुखत नाही म्हटलं तर म्हणायचे, "दुखत नाय तेव्हाच दाखवायचं. पंप फुटल्यावर मेंटेनन्स करतात काय?" माझ्या सासऱ्यांना तर पहिल्याच भेटीत त्यांनी ब्रश कसा धरता असं विचारलं आणि सासरे बिचारे हवेत हात फिरवून दाखवू लागले.

या तावडीतून एकटी मावशी सुटायची. शटडाऊनच्या दिवशी तिचा नेमका उपास तरी असे, नाहीतर घरी कुणी यायचं असे. भाजलेल्या तंबाखूची मिश्री ती रोज दातांना लावते, हे आम्हा भाचरांना ठाऊक होतं. काकांना नव्हतं.

गेल्या खेपेला मात्र ती आपणहून चपला घालून निघाली. बरेच दिवस तिला साधी आमटीसुद्धा झोंबत होती, हे डॉक्टरांनी विचारल्यावर कळलं. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला. मिश्री लावता का, असं डॉक्टरांनी विचारलं. ती हो म्हणाली आणि काका भिंतीला टेकले. चट्ट्याचा तुकडा तपासायला पेणला गेला.

रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही, पण जेवताना सगळे तिच्या घासाकडे बघायचे. शेवटी एका दुपारी ती तांदूळ निवडत असताना काकांनी विचारलं, "मला का नाय गो सांगितलंस?"

मान वर न करता मावशी म्हणाली, "तुम्ही विचारलंत कधी? नुसते सांगत रायलात. तुम्हाला सांगायची भीतीच वाटायची."

काका तिच्या शेजारी बसले आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडू लागले.

पेणला रिपोर्ट आणायला मीच त्यांना घेऊन गेलो. पाकीट त्यांच्याच्याने उघडेना. मी उघडलं आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावून वाचून दाखवलं. कॅन्सर नाही, ते म्हणाले. पण मिश्री आजपासून बंद, आणि चट्टा दाखवायला नेमाने यायचं. काका तिथल्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

हल्ली मावशी ब्रश करते. मिश्रीची तलफ आली की सगळ्यांवर खेकसते. काका शेजारी बसून असतात, कसं वाटतंय विचारतात आणि ती बोलेपर्यंत थांबतात. परवा माझी दाढ ठणकत होती. बोलणी खायच्या तयारीनेच मी त्यांना सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "कधीपासून रे?" आणि मी सांगत गेलो ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं. खरं सांगतो, मला त्यांचा ओरडा हवा होता.