येस्तिनचा डावा बूट

नान्तग्विन गावातल्या मोठ्या घराला दोन तोंडं होती. पुढून पांढरा गिलावा, उंच खिडक्या, खांबांची मिजास. हे सगळं कुणा मालकाने इंग्रज पाहुण्यांवर छाप पाडायला चढवलेलं. मागे मात्र जुनं दगडी दालन जसंच्या तसं. ओकच्या काळ्या तुळया आणि आत माणूस उभा राहील एवढी चूल. गावात म्हणत, पुढे साहेब, मागे म्हातारी. लोवरीचं सगळं आयुष्य त्या म्हातारीपाशी गेलं.

तिची आई तिथली स्वयंपाकीण. लोवरी लहान असताना चुलीचं धुरांडं नव्याने बांधायला घेतलं. असं बांधताना घरच्या मुलाने वापरलेला एक बूट आत चिणायचा, म्हणजे वाईटसाईट काही वरून घरात उतरत नाही, अशी तिकडची रीत. मालकीणबाईंनी नाक मुरडलं. "आमच्या रॉबर्टचा? छे! स्वयंपाकिणीच्या पोराचा घ्या की."

गवंडी इद्वाल कुरकुरला, "बाईसाहेब, घर ज्याचं, बूटही त्याचाच लागतो. परक्याचा चिणला तर ते पोर घराला बांधलं जातं."

पण मालकापुढे शहाणपण कुणाचं चालतं? लोवरीच्या धाकट्या भावाचा, येस्तिनचा डावा बूट भिंतीत गेला. त्याच हिवाळ्यात येस्तिन घटसर्पाने गेला. मग दालनात पावलं ऐकू येऊ लागली. एक टक् वाजणारं, दुसरं अनवाणी.

आई घाबरून नोकरी सोडून गेली. लोवरी राहिली. आधी मोलकरीण, पुढे घराची राखणदार. शेजारच्या शेतावरच्या मेरिगने तिला मागणी घातली होती.

"भुतापायी संसाराला लाथ मारतेस?" तो चिडून म्हणाला.

"भूत तुझ्यासाठी. माझा भाऊ आहे तो. अंधाराला भितो."

महायुद्धानंतर घर पडीक झालं. छत गळू लागलं, दालनाच्या तुळया कुजल्या, आणि लंडनच्या वारसाने सगळंच पाडायला काढलं. लोवरीचा जीव टांगणीला लागला. घरच नसलं तर पोराने जायचं कुठे? बूट हाती लागला तर तो घराजवळच्या आपल्या झोपडीत येईल, एवढीच तिला आशा.

"मावशी, लांब हो! दगड पडतायत," पाडकाम करणारा टेगिड ओरडला.

"चुलीच्या वर, डाव्या अंगाला जरा हळू हात लाव रे बाबा."

"का? सोनं पुरलंय की काय?"

"तुला काय करायचंय? काढ तू."

काजळीने माखलेला, तळहाताएवढा बूट निघाला. टेगिडने टोपी काढली.

लोवरीने आईच्या पेटीतला उजवा बूट काढला, दोन्ही पुसले आणि आपल्या चुलीपाशी जोडीने ठेवले. मटणाचा रस्सा केला, दोन वाडगे मांडले. दिवेलागणीला पावलं आली. टक्, मग अनवाणी. टक्, मग अनवाणी. चुलीपाशी थांबली. आणि मग टक् टक्, दोन्ही पायांनी.

लोवरीला रडू आवरेना. "आलास रे! बैस, रस्सा गरम आहे."

पावलांनी टेबलाभोवती एक फेरी मारली. कडी निघाली, दार उघडलं. बाहेरच्या फरशीवरून कुणीतरी लहान मूल धावत सुटलं.

"येस्तिन! अरे, थांब ना!"

आवाज ओढ्याकडे गेला आणि विरला. चुलीपाशी बूट नव्हते. रस्सा निवत गेला, तरी लोवरी दाराशी उभीच. आयुष्यभर ती त्याच्यासाठी थांबली होती. तो फक्त बुटासाठी थांबला होता.