निरोगी गटातला गंमत्या

आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये खुर्च्या दोन, पण गिऱ्हाइकं ताटकळायची ती डावीसाठी. तिथे गंमत्या केस कापायचा. वय चोवीस, जिभेला हाड नाही. टक्कल पडलेल्या गृहस्थांना "भांग कुठून पाडू, काका?" असं गंभीरपणे विचारायचा आणि काकाच आधी हसायचे.

त्याची थोरली बहीण इस्पितळात रक्ताचे नमुने घ्यायची. तरुणांमधल्या नैराश्याच्या खुणा रक्तात सापडतात का, असा तिथे अभ्यास चालला होता. त्रास असलेली मुलं मिळाली होती. तुलनेसाठी निरोगी मुलं कमी पडत होती.

"तुझ्याइतका आनंदी प्राणी मी आणू कुठून?" ताई म्हणाली.

"सुई मोठी असते का गं?"

"तुझ्या कात्रीपेक्षा लहान."

गेला बिचारा. ताईने दंडाला पट्टा आवळला, नळी भरली. मग शेजारी बसलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोप लागते?"

"लागते की. पहाटे."

"भूक?"

"आईला वाईट वाटू नये म्हणून जेवतो."

"आवडीचं काम करताना मजा येते?"

"लोकांना येते."

नळीवर चिठ्ठी चिकटवणारा ताईचा हात तिथेच राहिला.

"हे कधीपासून?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वर्ष झालं असेल. मला वाटलं, सगळ्यांचंच असं असतं. रक्तात दिसेल का हो?"

"नुसत्या रक्तावरून अजून कुणालाच सांगता येत नाही, म्हणून तर शोधतोय. पण तुम्ही बोललात ते मला पुरेसं आहे. निरोगी गटात नाही घेता येणार तुम्हाला."

"म्हणजे नापास?"

"उपचार करू. बरं वाटेल."

घरी जाताना ताई म्हणाली, "एका घरात राहून मला कळलं कसं नाही?"

"कळू दिलं असतं तर ना."

पहिल्या गोळीने तोंडाला कोरड पडली. डॉक्टरबाईंनी ती बदलली. समुपदेशकाकडे जाणं सुरू झालं. दुकानात गंमत्या मुकाट्याने केस कापू लागला, तशी काही गिऱ्हाइकं उजव्या खुर्चीकडे सरकली. त्याने सरकू दिली.

पुढे काही महिन्यांनी सलूनचे मालक आरशात बघून स्वतःची मिशी सारखी करायला गेले. डावी जास्त उडाली, मग उजवी, आणि शेवटी काहीच उरलं नाही. गंमत्या जमिनीवर बसून पोट धरून हसला. मालक दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

त्याच दिवशी संध्याकाळी त्याने ही हकिगत ताईला सांगितली, आणि सांगतानाही पुन्हा हसला.