ज्ञाना भोंगेवाल्याची आनंदाची बातमी

ज्ञानेश्वरच्या रिक्षाचा भोंगा वाजला की आमच्या गावातल्या बायका तव्यावरची भाकरी तशीच ठेवून दारात येतात. कोण गेलं, एवढंच ऐकायचं असतं. बावीस वर्षं तो संगमनेरच्या बाजूची दहा-बारा गावं फिरून मयताच्या आणि दशक्रियेच्या बातम्या सांगतोय. खर्जातला आवाज, नाव दोनदा, वेळ दोनदा. माणूस सरळ, पण लग्नसराईत त्याला कुणी विचारत नाही.

त्याची थोरली बहीण साळूबाई गावातच दिलेली. तिच्या ओंकारच्या लग्नात हा मामा नवा फेटा बांधून मिरवत होता. वऱ्हाडाला जेवायला बसा म्हणून सांगायला यानं माईक घेतला, तर साळूबाईनंच तो काढून घेतला.

"ज्ञाना, तू नको बोलू बाबा. आज शुभकार्य हाय."

हा हसला, पण नंतर जेवताना ताटावरून तसाच उठला. मी शेजारीच बसलो होतो. शाळेपासून ओळखतो त्याला. फार लागलं होतं. एकदा तरी आपल्या तोंडून आनंदाची बातमी जावी, एवढंच त्याला हवं होतं.

यंदा तशी बातमी आली. नारायण मास्तरांची मुलगी रुचा पुण्याहून परत आली आणि बंद पडलेल्या दूध शीतकेंद्राच्या शेडमध्ये तिनं कलाकेंद्र काढलं. चित्रं, नाच, नाटक, मातीकाम, सगळं एका छताखाली. इथले कलाकार आणि परदेशातलेही. पहिली पाहुणी पोर्तुगालची मार्ता. ती महिनाभर प्रवरेच्या काठानं आवाज रेकॉर्ड करत हिंडत होती. आम्ही तिला वेड्यात काढलं होतं, खोटं कशाला बोलू? उद्घाटनाच्या पत्रिका नगर, नाशिक, पुण्याला गेल्या. गावासाठी रुचानं ज्ञानेश्वरला बोलावलं.

आदल्या दिवशी त्यानं गाव पिंजून काढलं. "आनंदाची बातमी! नारायण मास्तर यांची कन्या रुचा हिच्या कलाकेंद्राचे उद्घाटन, उद्या सकाळी दहा वाजता, जुने शीतकेंद्र." पण सवय जाते कुठे! मास्तरांचं नाव दोनदा, वेळ दोनदा. लोकांनीही बावीस वर्षांच्या सवयीनं तेवढंच ऐकलं. म्हणजे मास्तर गेले. लांबचे नातेवाईक यायचे असतील म्हणून शीतकेंद्रात ठेवलं असेल, असा तर्कही कुणी लढवला.

रविवारी साडेनऊपासून माणसांची रीघ. दुकानांची शटर खाली. वाड्यावस्त्यांवरचे मास्तरांचे जुने विद्यार्थी टोप्या घालून आले. साळूबाई पदरानं डोळे पुसत आली. छगन किराणावाल्यानं मोठा हार आणला होता. आणि फाटकात स्वतः मास्तर हात जोडून उभे!

"अगं बाई!" साळूबाई ओरडलीच.

मास्तरांना उलगडा व्हायला वेळ लागला. मग ते छगनला म्हणाले, "आणलायस ना? मग घाल. फोटोला घालण्यापेक्षा हे बरं."

सगळे हसले. ज्ञानेश्वर मात्र रिक्षात मान खाली घालून बसला होता. "चांगली बातमी सांगाया गेलो अन् जित्या मानसाला मारून आलो."

मास्तर त्याच्याजवळ गेले. "पत्रिका दिलेले अकरा जण आलेत, ज्ञाना. आणि हे चारशे. सुखाला बोलावणं लागतं, मयताला लागत नाही. आज कुणी बोलावण्याची वाट पाहिली नाही, बघ."

त्याला ते पटलं नाही. मी ओढूनच त्याला आत नेलं.

आत मार्तानं तिचे आवाज लावले. पाण्याचा खळखळाट, मोटारपंप, टिटवी. आणि मध्येच ज्ञानेश्वरचा आवाज. चार दिवस हा घाटावर एकटाच सराव करत होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मार्ता मागे आहे हे त्यालाही ठाऊक नव्हतं. "आनंदाची बातमी..." मग खोकला. वरच्या पट्टीत, "आनंदाची बातमी!" आवाज फाटला. पुन्हा. मग स्वतःशीच, "न्हाई जमत." आणि परत पहिल्यापासून.

ज्ञानेश्वरला कुठं तोंड लपवू असं झालं होतं. साळूबाई माझ्यापुढेच उभी होती. ती दुखऱ्या गुडघ्यांनिशी गर्दीतून वाट काढत भावापाशी आली.

"ओंकारच्या पोरीचं बारसं हाय गुरवारी. गाडी घिऊन ये."

"अन् माईक?"

"त्याच्यासाठीच म्हनतीय."

तो खाली बघून म्हणाला, "नाव दोनदा सांगायची खोड हाय गं आक्का."

"चारदा सांग," ती म्हणाली.