तिसऱ्या दिवसाची थाप

मत्स्यालयात सगळे त्याला भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत आणि त्याला ते आवडे. सव्वीस वर्षं तो लोकांचे घोळके टाक्यांपुढून फिरवत आला होता आणि त्याच्या आवाजाला कधी माईक लागला नव्हता. शेवटच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनाही ऐकू जाईल असं तो बोले.

सांगायला त्याच्याकडे काय कमी होतं? ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, रक्त निळं असतं आणि तो पोहायला लागला की त्यातलं एक हृदय थांबतं, म्हणून स्वारी शक्यतो सरपटतच जाते. तारामासा आपलं पोटच तोंडातून बाहेर काढतो, शिंपल्याच्या फटीत घालतो, तिथल्या तिथे जेवण उरकतो आणि पोट परत आत घेतो. चपट्या माशाचा एक डोळा लहानपणीच सरकत सरकत दुसऱ्या डोळ्याशेजारी येऊन बसतो. जेलीफिशला मेंदू नाही, हृदय नाही, हाड नाही, तरी तिचा संसार कोट्यवधी वर्षं बिनबोभाट चाललाय. इथे भोंगा हटकून साहेबांच्या केबिनकडे बघे आणि लोक हसत.

हे सगळं खरं होतं. थाप एकच होती, आणि ती घोडामाशाच्या टाकीपुढे होती.

घोडामाशात बाळंतपण बापाकडे असतं, हे ऐकून बायका खूश होत. जोडीतले दोघं रोज सकाळी एकमेकांभोवती फिरून नाचतात, हेही खरंच. पण सतरा वर्षांपूर्वी एकदा हे सांगत असताना घोळका जेलीफिशकडे सरकायला लागला, आणि भोंग्याच्या जिभेवर आपसूक आलं, "आणि जोडीतला एक गेला, की दुसरा अन्न सोडतो. तिसऱ्या दिवशी तोही जातो." घोळका जागच्या जागी थांबला. एका बाईंनी पदर डोळ्याला लावला. झालं, त्या दिवसापासून तिसरा दिवस कायमचा मुक्कामाला आला. पुढे त्याला काचेला हात लावून वर बघणं, आवाज खाली आणणं, हेही जमलं.

टाक्या सांभाळणाऱ्या बाईंना ही थाप आहे हे माहीत होतं. घोडामाशांना पोट नसतं, खाल्लेलं टिकत नाही, म्हणून त्या दिवसातून चार-चार वेळा त्यांना बारीक कोळंबी घालत. त्यातल्या एका नराची मादी आठ महिन्यांपूर्वी मेली होती आणि तो सगळ्यात आधी खायला पुढे येई. हा एकटा कसा, असं कुणी विचारलंच, तर भोंगा तो नवा आणलाय म्हणून सांगे. बाई एकदा म्हणाल्या होत्या, "एवढं खरं पडलंय समोर, ते कमी पडतं का तुला?" भोंग्याने हसण्यावारी नेलं होतं.

त्याच्या वहिनीने मात्र मत्स्यालय कधी पाहिलं नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा भोंगा अकरा वर्षांचा होता. त्याचे डबे, ताप, परीक्षा, सगळं तिनेच निस्तरलं होतं. मग दादाचं आजारपण आलं आणि त्यात तिची वर्षं गेली. दादा जाऊन अकरा महिने झाले तरी ती घराबाहेर पडत नव्हती. भोंग्याने महिनाभर तिच्या मागे लागून एका दुपारी तिला आणलंच. आपल्या मोठेपणाचा एकमेव पुरावा तिला दाखवायचा होता, दुसरं काय.

ती घोळक्यात मागे उभी राहिली. ऑक्टोपसला हसली, तारामाशाला नाक मुरडलं. भोंगा असा काही रंगात आला की घोडामाशापुढे पोचल्यावर नेहमीचं सगळं नेहमीच्याच ओघात त्याच्या तोंडून निघून गेलं. तिसरा दिवस म्हणताना त्याने हात काचेवर ठेवला, आवाज खाली आणला. पुढची एक तरुणी नवऱ्याच्या दंडाला बिलगून म्हणाली, "याला म्हणतात प्रेम." लोकांनी माना डोलावल्या. भोंग्याची नजर वहिनीवर गेली तेव्हा कुठे आपण काय बोललो ते त्याला कळलं.

उरलेल्या टाक्या वहिनीने नीट पाहिल्या. निघताना त्याचं कौतुकही केलं, आवाज अगदी तुझ्या दादासारखा आहे म्हणाली. परतीच्या वाटेवर गाडीत भोंगा म्हणवणाऱ्या माणसाला चाळीस मिनिटं तोंड उघडता आलं नाही.

संध्याकाळी त्याने ताटं घेतली. तिने भूक नाही म्हणून सांगितलं. त्याने आग्रह केला तेव्हा ती खुर्चीत बसली, पण ताट तिने बाजूला सारलं.

"तुझा दादा गेला त्या दिवशी दुपारी तूच माझ्यापुढे ताट ठेवलं होतंस," ती म्हणाली. "तुला वाटलं, तुझ्या शब्दाखातर खाल्लं मी. तसं नव्हतं. मला भूक लागली होती. सपाटून लागली होती. अकरा महिने मी हे कुणाला सांगितलेलं नाही. तुझा तो मासासुद्धा माझ्यापेक्षा बरा."

भोंग्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. त्याच्या हातून घडलं होतं ते एवढंच, की लोक पुढच्या टाकीकडे जाऊ नयेत म्हणून त्याने एक वाक्य मारलं होतं. आणि ते वाक्य जाऊन बसलं होतं कुठे, तर जिने त्याला जेवायला वाढून मोठं केलं तिच्या घासात.

"खोटं आहे ते," तो म्हणाला. "मी बनवलंय. मासा खातो, वहिनी. त्याची मादी मेली त्याच दिवशी खाल्लं त्याने, मी पाहिलंय. काही दिवसांनी तर तो दुसरीच्या मागे..." इथे त्याने जीभ चावली.

वहिनीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. लहानपणी तो खोटं बोलताना सापडला की ती अशीच बघायची, आणि तेव्हा मार खाल्लेला परवडला असं त्याला वाटायचं. आता तो बावन्न वर्षांचा होता आणि त्याला तेच वाटत होतं.

"किती वर्षं सांगतोयस हे?"

"सतरा."

तिने ताट पुढे ओढलं. दोन घास खाल्ले. त्याला वाटलं, सुटलो. मग ती शांतपणे म्हणाली, "मला तू घरी येऊन खरं सांगितलंस. बाकीच्यांना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच घोळक्यापुढे त्याने टाकीतला तो एकटा नर दाखवला. याची जोडीदारीण आठ महिन्यांपूर्वी गेली, हा जेवतो, हा ठणठणीत आहे, आणि इतकी वर्षं मी इथे उभा राहून खोटं सांगत आलो, असं तो म्हणाला. लोकांना यात काही विशेष वाटलं नाही. एकाने जेलीफिश कुठे आहेत ते विचारलं आणि घोळका पुढे सरकला.

भोंगा काचेशीच थांबला. त्याला एक गृहस्थ आठवत होते, सहा-सात वर्षांपूर्वीचे. दाढी वाढलेली, बायकांची पर्स हातात धरून एकटेच आलेले. घोळका गेल्यावर ते मागे राहिले होते आणि त्यांनी हळूच विचारलं होतं, "तिसऱ्याच दिवशी? नक्की?" भोंग्याला तेव्हा धन्य वाटलं होतं, आपलं बोलणं माणसाच्या एवढं आत गेलं म्हणून. त्याने त्यांचा हात हातात घेतला होता आणि अगदी मायेने सांगितलं होतं, "नक्की."