सत्तेचाळीसने न जाणारा भाग

मूळमास्तरांना संख्या दिसली की तिला भाग लावून बघितल्याशिवाय पुढे जाता येत नसे. रंकाळ्यावर फिरताना एखाद्या स्कूटरची पाटी बघून ते थबकायचे. "हिला तेरानं भाग जातोय. नुसती ऐट हाय." ते आणि मी कोल्हापुरात एकाच शाळेत गणित शिकवायचो. मूळमास्तर हे नाव पोरांनी ठेवलेलं. एक आणि ती स्वतः, याखेरीज जिला कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या, हे त्यांच्या वर्गातला ढ मुलगाही सांगायचा.

त्यांची एक लाडकी संख्या होती, ७३९३९१३३. कितीतरी वर्षं हाताने भागाकार करून त्यांनी ती गाठली होती. फळ्यावर ती मोठी लिहायचे आणि उजवीकडचा एकेक आकडा तळव्याने पुसत विचारायचे, "जातोय का भाग?" "न्हाय जात, सर!" पुसत पुसत नुसता सात उरायचा, तोही मूळच. "आता पुऱ्या आठ आकड्यांच्या शेवटाला कुठला बी आकडा जोडून बघा, मोडतंयच. हिच्या म्होरं वाट न्हाय." जगाला ती आधीच ठाऊक होती, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

मुलांचा त्यांच्यावर जीव होता. माझ्यावर तेवढा नव्हता, आणि ते मला सलायचं.

नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांनी शेवटचं म्हणून फळ्यावर ती संख्या लिहिली. मी खिशातून आठ आकड्यांचा कॅल्क्युलेटर काढला, भराभर बटणं दाबली आणि उभा राहिलो. "सर, सत्तेचाळीसनं जातोय की! उत्तर १५७३१७३. पूर्ण!" सभागृह हसलं. मास्तरांनी माझ्याकडे बघितलं आणि ते पुटपुटले, "सात त्रिक एकवीस." म्हातारा पाढे म्हणतोय म्हणून पोरं आणखी हसली. ते फळा न पुसताच खाली उतरले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बसा की सर. चहा गार होतोय."

त्यानंतर रंकाळ्यावर ते पाट्या वाचेनासे झाले. पाण्याकडे बघत चालायचे.

काही वर्षांनी ते गेले. शोकसभेत एक माजी विद्यार्थी प्रेमानेच म्हणाला, "सरांच्या संख्येला शेवटी भाग गेला, पण सरांच्या मायेला नाही." लोक डोळे पुसत हसले. मी घरी येऊन कागदावर १५७३१७३ गुणिले ४७ मांडलं. सात त्रिक एकवीस. पहिल्याच आकड्याला हात थांबला. गुणाकाराच्या शेवटी एक येतो, मास्तरांच्या संख्येच्या शेवटी तीन आहे. बाकी दोन उरतात. तेवढा अपूर्णांक दाखवायला माझ्या यंत्रात जागाच नव्हती.

ज्यांनी तो विनोद पुढे सांगितला, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मास्तरांची संख्या मूळच आहे. चूक माझी होती, आणि ती त्यांना त्याच क्षणी दिसली होती. पण समोर माझेही विद्यार्थी बसले होते. म्हणून त्यांनी मला खाली बसायला सांगितलं. आणि मी बसून चहा प्यालो.