कागद खराब आहे

गल्लीत माझं दुकान रंगाचं आणि पॉलिश पेपरचं, आणि शेजारच्या गाळ्यात नख्या. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागेल. मोटरसायकल घसरली की इंजिनाच्या कव्हरवर ओरखडे पडतात, ते घासून काढायचे, एवढं एकच काम त्याने तीस वर्षं केलं. इंजिनाला हात लावणं त्याला कमीपणाचं वाटायचं. उजव्या अंगठ्याचं नख तो वाढवून ठेवायचा आणि ओरखड्यावरून आडवं फिरवायचा. नख अडकलं तर ओरखडा खोल, चारशे नंबरच्या जाड्याभरड्या कागदापासून सुरुवात. सरकलं तर वरवरचा, हजार नंबरच्या बारीक कागदावर भागलं. गिऱ्हाइकासमोर हे सगळं तो इतक्या ऐटीत करायचा की मला शेजारी बसून हसू यायचं.

या वर्षी मात्र तो माझ्याशीच भांडायला लागला. म्हणे कागद बोथट आहे. बदलून दिला, तोही बोथट. जुन्या गठ्ठ्यातला काढून दिला, तोही तसाच. शेवटी माझं डोकं फिरलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्याला चार गिऱ्हाइकांसमोर सुनावलं. एरवी माझ्या एकाला त्याची दोन उत्तरं तयार असायची. त्या दिवशी तो निमूट कागद घेऊन गेला. मला वाटलं, बरी जिरली.

मग टपाल वाटणाऱ्या बाई आल्या. मोटरसायकल त्यांच्या वडिलांची, वडील आता नाहीत. ओल्या वळणावर गाडी आडवी झाली आणि इंजिनाचं डावीकडचं कव्हर वीतभर खरवडलं. तसली कव्हरं आता बाजारात मिळत नाहीत. तीन गॅरेजांनी हात वर केले आणि तिघांनीही नख्याकडेच पाठवलं. त्याने नख फिरवलं, मान डोलावली आणि परवा संध्याकाळी पाचला या म्हणाला.

ठरल्या दिवशी दुपारी तो माझ्या गल्ल्यासमोर उभा. आता कागदाचा रंग सुटत होता म्हणे, कागद भिजवायच्या वाटीतलं पाणी लाल होत होतं, असला माल मी कुठून उचलून आणतो? कागद काळा कुळकुळीत, त्यातून लाल रंग कुठून येणार? मी नवा कागद उचलला आणि त्याचं तोंड एकदाचं बंद करायला तरातरा त्याच्या गाळ्यात गेलो.

पाणी खरंच लाल होतं. पोत्यावर कव्हर पडलेलं, त्याच्या कडेलाही लाल बोटं उमटलेली. मी त्याचा हात धरून उलटा केला. दोन बोटांची टोकं सोलून निघाली होती. तोही माझ्याबरोबर वाकून बघत होता, जणू ती बोटं दुसऱ्याच कुणाची.

दुखत नाही का, मी विचारलं. नाही म्हणाला. आधी मुंग्या यायच्या, सहा महिन्यांपासून त्याही येत नाहीत. डॉक्टरांनी साखर सांगितली, शिवाय काम काय करता असंही विचारलं. बफिंगच्या, म्हणजे चकाकी आणायच्या मशीनची थरथर तीस वर्षं हातात मुरलीय, हे सांगायचं सोडून याने 'बसून असतो' असं सांगितलं. घरी वहिनींनाही पत्ता नव्हता. शर्टाची बटणं लागेनात म्हणून तो गळ्यातून घालायचे बिनबटणांचे सदरे घ्यायला लागला, आणि वहिनींना वाटत होतं, उतारवयात हौस आलीय.

"कसं झालंय रे कव्हर?" त्याने विचारलं.

तीस वर्षांत त्याने मला हे कधी विचारलं नव्हतं. मी कव्हर उजेडाकडे धरलं. अर्धे ओरखडे जसेच्या तसे होते, आणि कडेला जिथे ओरखडा नव्हताच तिथे घासून घासून त्याने खळगा पाडला होता. मला रडू आलं. मी तोंड फिरवलं, त्यावरून त्याला काय ते कळलं.

"बाईंना तू सांग, कागद खराब आला होता," तो म्हणाला. "तू चार शिव्या खाशील, आठ दिवसांत लोक विसरतील. माझं एकदा बाहेर कळलं की संपलं. मला दुसरं काही येत नाही रे."

माझ्या दुकानाने वडिलांपासून कधी खराब माल विकलेला नाही. वेळ दुसरी असती तर मी कुणाचं ऐकून घेतलं नसतं. हो म्हणालो. त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्या. पाच वाजायच्या आत त्याने त्या काढून टाकल्या, बाईंना दिसायला नकोत म्हणून.

बाई आल्या. मी हात जोडले, सगळी चूक माझी म्हणालो, आणि बोलणी खायला तयार उभा राहिलो. त्यांनी कव्हर हातात घेऊन पाहिलं. चेहरा जरा पडला, पण आवाज चढला नाही.

"होतं असं कधीकधी," त्या म्हणाल्या. "मग आता चांगला कागद द्या की. मी बसते इथेच. बाबा सांगायचे, नख्याकाकांचा हात चालताना बघत राहावं."

आणि त्या स्टूल ओढून बसल्या.

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खोटं बोलायला मी एका पायावर तयार झालो, पण चांगला कागद दुकानात आहे, हे कसं नाकारणार? जाऊन आणला. नख्याने हात पुढे केला आणि कागद घेतला. कागदाकडे बघायची त्याला गरजच कधी पडली नव्हती. बाईंकडे बघून हसत त्याने तो पाण्यात बुडवला, कव्हरवर टेकवला आणि घासायला लागला.

खरखरीत बाजू त्याच्या बोटांखाली होती. धातूवर कागदाची गुळगुळीत पाठ नुसती सरकत होती, आवाजही येत नव्हता.

बाईंच्याही लक्षात आलं. त्या उठून त्याच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि कव्हर घ्यायला हळूच हात पुढे केले.

"काका, राहू द्या. मला ओरखडे चालतील."

"जातायत ना," नख्या म्हणाला. "बोटांना कळतंय मला."

आणि तो घासत राहिला.