कोंड्याचे डॉक्टर

आमचे डॉक्टर घरात आले की आधी चुलीपाशी जायचे. आजारी माणूस पडवीत कण्हत असायचं आणि हे बूट काढून थेट आत, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभे! मूठभर तांदूळ उजेडात नेऊन बघायचे, मग नाडी. कर्जतहून सायकल हाणत आमच्या कळंबपर्यंत यायचे. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. कोंड्याचे डॉक्टर, एवढंच.

मी त्यांना प्रथम पाहिलं ते दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वर्षांत, माझ्या पहिल्या बाळंतपणानंतर. सुनेचं कौतुक म्हणून सासूबाईंनी गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ आणवला होता. बाकीचे सगळे उखळात सडलेला लाल भात खायचे, मी मात्र राणी! डाळ वातूळ, भाजी थंड म्हणून बंद. नुसता मऊ पांढरा भात आणि तूप. तोही वेळून, म्हणजे वरचं पाणी काढून; ती पेज म्हशीला, गिरणीतून आलेला तांदळाचा कोंडाही म्हशीलाच. सव्वा महिना उलटला तरी हे लाड थांबेनात. हळूहळू माझी पावलं बधिर झाली. चप्पल पायातून निसटली तरी कळेना. आणि बाळ रडायला तोंड उघडायचं, पण आवाजच फुटायचा नाही.

डॉक्टरांनी डबा पाहिला, मग गोठ्यात जाऊन आले. सासूबाई शेजारणीकडे बघून पुटपुटल्या, "ह्यो डाक्टर पोराला बघाया आलाय का म्हशीला?"

"म्हैस छान आहे तुमची, आजी," ते म्हणाले. "सुनेच्या वाटणीचं सगळं तीच खाते. पेजेतलं-कोंड्यातलं सत्त्व हिच्या अंगात नाही, म्हणून हिचे पाय बधिर, आणि दुधातही नाही, म्हणून बाळाचा आवाज गेला."

मग मात्र बोलण्यात वेळ न घालवता त्यांनी आम्हा मायलेकरांना त्याच सत्त्वाची सुई टोचली आणि रात्रभर आमच्या पडवीतच राहिले. दुसऱ्या दिवशी बाळ रडलं. घोगरं, चिरकं, पण ऐकू येईल असं. सासूबाई ते रडणं ऐकून स्वतःच हुंदके देऊ लागल्या.

झालं, त्यांची सुईवर भक्तीच जडली. त्यांचं म्हणणं, महिन्याच्या महिन्याला टोचा, पण सुनेला जाडाभरडा भात नको. गाव म्हणेल, हाल करतात पोरीचे. डॉक्टर चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "सुई पाहुणी आहे, आजी. अडीअडचणीला धावून येते, पण संसार काही पाहुणीच्या जिवावर होत नाही. या बाटलीत जे आहे ते मला ठाऊक आहे. कोंड्यात काय काय आहे, ते अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही."

बोलून पटेना, तेव्हा त्यांनी जेवायला मागितलं. सासूबाई पांढरा भात शिजवायला निघाल्या, तर त्यांनी हातसडीचाच मागितला, आणि वेळलेली पेजही म्हशीऐवजी आपल्यालाच. रस्त्यावरून दिसतील असे पडवीत बसले आणि लाल भात, वालाची आमटी, वर वाटीभर पेज ओरपली. कर्जतचा डॉक्टर ते मिटक्या मारत खातोय हे गावानं पाहिलं. मग पांढऱ्या भाताचा मान कसला उरतोय! संध्याकाळी सासूबाईंनी स्वतः मुसळ हातात घेतलं.

तिकडे कर्जतच्या दवाखान्यात खालापूरची बडी मंडळी ताकदीच्या गोळ्या मागायला यायची. डॉक्टर त्यांना आधी काल काय जेवलात ते विचारायचे आणि बहुतेकांना गोळ्यांऐवजी उखळाकडे धाडायचे. खरी गरज असली तर मात्र कपाटातली शेवटची बाटलीही देऊन टाकायचे. हट्टी होते, पण त्यांचा हट्ट माणसासाठी होता.

माझी पावलं यथावकाश ताळ्यावर आली. पोरगं बोलू लागल्यावर, आमच्याकडे फेरी झाली की डॉक्टर छाती तपासायची नळी खिशातच ठेवून पोराला म्हणायचे, "हाक मार बघू." पोरगं बेंबीच्या देठापासून ओरडायचं आणि हे खूश होऊन सायकलवर बसायचे.

पुढे डॉक्टरांची नजर अधू झाली. लेक त्यांना देशावर घेऊन गेली. आम्ही तिघंही कर्जत स्टेशनात गेलो, मी माझ्या पायांनी चालत. सासूबाईंनी हातसडीच्या तांदळाचं गाठोडं खिडकीतून आत दिलं. गाडी हलली तसं पोरगं ओरडलं, "डॉक्टर, पेज प्यायला या!" सगळा फलाट वळून बघायला लागला. सासूबाई त्याच्या तोंडावर हात ठेवायला गेल्या.

डॉक्टर खिडकीतून म्हणाले, "ओरडू दे त्याला, आजी. मला तेवढंच घेऊन जायचंय."